पुलापलीकडच्या कंपनीचा लखोटा

१० मार्च १९८७, मंगळवार

लखोटा आला. शेरीफच्या ऑफिसातला लॉनी स्वतः घेऊन आला. दारातच टोपी काढली. रविवारच्या शाळेत मीच शिकवलंय त्याला, अजून माझ्यासमोर टोपी डोक्यावर ठेवायची हिंमत होत नाही गड्याची. म्हणाला, "मिस डेल्फा, पुलापलीकडच्या कर्जकंपनीवर कोणीतरी दावा लावलाय. त्यांच्या वतीने कागद तुम्हीच घेता ना? इथे सही."

केली सही. नऊ वर्षांत असे चार लखोटे आले. दर वेळी सही करायची, तारीख टाकायची, वर मोठा लखोटा चढवायचा, टपालात टाकायचा. दहा मिनिटांचं काम. आजही तेवढंच होतं.

लॉनी गेल्यावर सहज उघडून बघितला. दावा लावणारी — व्हर्ना टोलिव्हर.

माझी बहीण! सख्खी, थोरली. चार गल्ल्या सोडून राहते. परवाच इथे बसून माझं बिटाचं लोणचं खारट झालंय म्हणून नाक मुरडलं आणि तरी बरणी घेऊन गेली.

११ मार्च

सकाळपासून तीनदा कॉफी केली, तीनदा सिंकमध्ये ओतली. लिहून टाकते, म्हणजे डोकं तरी हलकं होईल.

माझा नवरा हॅरल्ड गेला त्या वर्षी पेल्की आला होता. तपकिरी सूट, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. कंपनीचा माणूस. नदीच्या पलीकडे वेगळं राज्य, वेगळे कायदे. त्याने नीट समजावून सांगितलं. "मॅडम, बाहेरच्या राज्यातल्या कंपनीला तुमच्याकडच्या घरांवर कर्ज द्यायचं तर दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, दर वर्षी तुमच्या राजधानीत एक कागद भरायचा. आणि दुसरं, तुमच्यातलं एक माणूस नेमायचं, ज्याच्या हातात कोर्टाचे कागद देता येतील. नाहीतर उद्या कोणाला आमच्यावर दावा लावायचा झाला, तर तो बिचारा पूल ओलांडून आम्हाला कुठे शोधणार?"

मला ते न्यायाचं वाटलं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. विचारलं, "माझं नाव कुठे लागणार?" तो हसला. "राजधानीतल्या एका फायलीत. कोण बघतंय!"

हॅरल्डच्या दवाखान्याचं बिल डोक्यावर होतं. मी हो म्हटलं. आणि व्हर्नाला सांगितलं नाही! का? तर चर्चच्या जेवणाला हा पेल्की आला होता, तेव्हा व्हर्ना माझ्या कानात म्हणाली होती, "त्या माणसाला दात जरा जास्तच आहेत, नाही?" त्यानंतर कसं सांगणार? पलीकडच्या लोकांचं नाव काढलं की तिचं तोंड लिंबू चावल्यासारखं व्हायचं. म्हटलं, जाऊ दे. वर्षाला एक छोटासा चेक यायचा. त्यातून दर डिसेंबरला तिच्यासाठी हातमोजे घ्यायची. "डेल्फा, पैसे उडवू नकोस," म्हणायची आणि तिथल्या तिथे घालून बघायची.

मग एक्क्याऐंशी साली तिच्या नवऱ्याच्या, मर्लच्या, किडन्या गेल्या. गावातल्या बँकेने तोंड फिरवलं. आणि व्हर्नाने कर्ज घेतलं ते नेमकं याच कंपनीकडून, घर गहाण टाकून. कोणाला न विचारता. मला कळलं तेव्हा सही होऊन गेली होती. इतकी नावं ठेवायची त्यांना, आणि शेवटी त्यांच्याचकडे गेली — मला तेव्हाही नवल वाटलं होतं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं मी. जीभ उचलली नाही. मर्ल वाचला नाहीच. गेल्या वर्षी बुटांचा कारखाना बंद पडला, व्हर्नाची तिथली शिलाईची नोकरी गेली, हप्ते थकले. जानेवारीत कंपनीने घर ताब्यात घ्यायला आपल्या कोर्टात धाव घेतली.

आणि आता व्हर्नाने त्यांच्यावर वेगळा दावा लावलाय. तो माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलाय.

१४ मार्च, शनिवार

व्हर्ना आली. गाल लाल. कोट काढायच्या आधीच बोलायला लागली. तिचा वकील टिलॉटसन तिकडे जिल्ह्याच्या गावी बसतो, त्याने शोधून काढलंय. कंपनीने गेल्या वर्षीचा कागद राजधानीत भरलेलाच नाही! "आणि कागद भरला नाही तर आपल्या कोर्टात पाऊल ठेवायचं नाही, डेल्फा! नियमच आहे! त्यांनी दावा लावायलाच नको होता. टिलॉटसन म्हणतो, जज पाच मिनिटांत त्यांना हाकलून देईल."

मी म्हटलं, "बरं झालं बाई."

मग ती म्हणाली, "त्यांचं कोणीतरी इथलं माणूस असतं म्हणे. कागद त्याच्याकडे पोचले या आठवड्यात."

आणि माझ्याकडे बघत राहिली. मी बरणीचं झाकण पुसत होते. स्वच्छच होतं, तरी पुसत होते. तिने जरा वाट बघितली. मग कोटाची बटणं लावली. "बरं, निघते. लोणचं अजून खारटच आहे."

१७ मार्च

वीस दिवस असतात. कंपनीने वीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर निकाल व्हर्नाच्या बाजूने. हॅरल्डशी लग्न व्हायच्या आधी पाच वर्षं मी वकिलाकडे टायपिस्ट होते, एवढं मला कळतं.

उत्तर कधी देतील? लखोटा मिळाला तर.

हे मी लिहिलं. नुसतं लिहिलं. करायचं कुठे ठरवलंय?

१९ मार्च

पोस्टात गेले. रांगेत उभी राहिले. पुढे मिसेस ओटिस होती, तिने नातवंडांचे दात मोजून सांगितले. माझी पाळी आली. लखोटा पर्समध्ये होता. मी म्हटलं, "तिकिटं द्या. एक पट्टी." तिकिटं घेतली आणि घरी आले.

म्हणे वकिलांवर विश्वास ठेवायचा! टिलॉटसनचा चेहरा मी बघितलाय, मिसरूड नुकतं फुटलंय. कंपनीकडे पलीकडचे तीन वकील आहेत, चमकत्या बुटांचे. त्यांना कळलं तर ते काहीतरी काढतीलच. कळलंच नाही तर? तर ती राहील तिच्या घरात. ज्या खोलीत मर्ल गेला, त्या खोलीत. आमच्या आईची शिलाई मशीन आहे त्या खिडकीत. मी कोणाचं काय वाईट करतेय? कंपनीला हजार घरं आहेत. माझ्या बहिणीला एक.

३० मार्च

वीस दिवस झाले. लखोटा डब्यामागेच आहे.

९ एप्रिल, गुरुवार

जिंकली! व्हर्ना जिंकली! कोर्टात कंपनीकडून कोणी आलंच नाही. टिलॉटसन दोन मिनिटं बोलला, जजने शिक्का मारला. व्हर्नाने चिकन आणि नूडल्स केले, मला दोनदा वाढले. साठीला आलेली बाई फरशीवर मोज्यांत नाचली! "मर्ल असता तर म्हणाला असता, हळू, शेजाऱ्यांचं छत पडेल," म्हणाली आणि हसता हसता रडली. मग मीही रडले. देवा, किती आनंद झाला होता मला!

१७ एप्रिल, गुड फ्रायडे

व्हर्नाच्या परसात बटाटे लावले. आमच्याकडे गुड फ्रायडेलाच लावतात, आईपासून चालत आलंय. व्हर्ना खड्डे करत गेली, मी कोंबाची बाजू वर करून एकेक तुकडा ठेवत गेले. ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये खणायला मीच असेन इथे." मी म्हटलं, "मग कोण, माझी मांजर?"

हसली. मला वाटलं, कशाला सांगायचं आता. झालं ते झालं.

८ मे, शुक्रवार

पेल्की दारात. केस पांढरे झालेत. सूट तोच का तसलाच दुसरा, देव जाणे.

"मॅडम, मार्चमध्ये आमच्या नावाचं काही आलं होतं का? शेरीफच्या वहीत तुमची सही दिसतेय."

खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं. नाही जमलं. लखोटा काढून टेबलावर ठेवला. त्याच्यावर पिठाचे पांढरे डाग.

"का हो?"

"माझी बहीण आहे ती."

तो खुर्चीत बसला. मी बसा म्हटलंही नव्हतं. पेपरमिंटचा कागद चुरगाळला. मग म्हणाला, "अहो, मग मला एक फोन करायचा होता. 'पेल्की, मी हे काम सोडते, माझं माणूस यात आहे.' एक सही, बास. मी दुसरं कोणीतरी नेमलं असतं. कोणी तुम्हाला एका शब्दाने बोललं नसतं."

एक सही! मला सुचलंच नाही. खरंच सुचलं नाही. नऊ वर्षं मला वाटत होतं की यातून बाहेर पडायचं म्हणजे व्हर्नाला सगळं सांगायचं. असा एक दरवाजा आहे हे मला दिसलंच नाही.

जाताना म्हणाला, "माझी नोकरी गेली समजा. पण तुमच्या बहिणीचं याहून वाईट होणार आहे."

९ मे

व्हर्नाकडे गेले. दारात उभी राहिले. ती मागे दोरीवर चादरी घालत होती, गुणगुणत होती. मी परत आले. भेकड! भेकड म्हातारी!

२ जून, मंगळवार

कसं लिहू.

कंपनीने एप्रिलचा निकाल रद्द करा म्हणून अर्ज केला होता. मला शपथेवर उभं केलं. सगळं सांगितलं. लखोटा आला, मी लपवला, मी एकटीने. "माझ्या बहिणीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी कंपनीचं काम करते हेही नाही." टिलॉटसनचा चेहरा पार उतरला. आम्ही बहिणी आहोत हेच त्याला ठाऊक नव्हतं, आडनावं वेगळी, आणि तो दुसऱ्या गावचा. पण मान डोलवत होता, म्हणजे हे बरं चाललंय असं मला वाटलं.

मग जज व्हर्नाकडे वळले. आवाज मऊच होता. "मिसेस टोलिव्हर, या कंपनीच्या वतीने कागद तुमची बहीण घेते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

व्हर्ना म्हणाली, "हो."

जजनी विचारलं, "केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

मी उठून ओरडले, "नाही! खोटं आहे! तिला कसं ठाऊक असेल!" जजनी हातोडा आपटला. लॉनीने माझा दंड धरला आणि हलकेच म्हणाला, "बसा, मिस डेल्फा. बसा हो."

मग जज काय काय बोलले. एवढंच आठवतंय — "या कोर्टात ज्याला दाद मागायची, त्याचे हात स्वच्छ लागतात." दोघी बहिणींनी मिळून केलं असं धरलं त्यांनी. एप्रिलचा निकाल रद्द. आणि कंपनीने मधल्या काळात तो राहिलेला कागद दंडासकट भरून टाकलाय, तेव्हा आता त्यांना कोर्टाचं दार उघडं.

पायरीवर टिलॉटसनने मला थांबवलं. पोरगंच आहे. "मॅडम, तुम्ही तो लखोटा नुसता पाठवला असता ना. त्यांनी दहा वकील आणले असते तरी आपण जिंकलो असतो. दाव्याच्या दिवशी कागद भरलेला नव्हता. जजला दुसरं काही बघायचंच नव्हतं."

व्हर्ना गाडीपाशी उभी होती. जन्मात खोटं बोलली नाही ती. मर्ल वाचणार नाही हे त्याला सांगू नका असं डॉक्टर म्हणाले, तरी तिने सांगितलं होतं. तिला भर कोर्टात लबाड ठरवलं. माझ्यामुळे.

मी म्हटलं, "व्हर्ना, का म्हणालीस 'हो'?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्यासाठी कायदा मोडायला निघालीस, डेल्फा. मला खरं सांगायला मात्र तुला जमलं नाही."

दार लावलं आणि गेली. मी बसने आले.

३ जून

डोक्यात तेच. पहिल्यापासून कसं ठाऊक असेल? माझं नाव राजधानीतल्या फायलीत. ती आयुष्यात राजधानीला गेली नाही. म्हणजे मला वाचवायलाच बोलली. एकटीवर सगळं येऊ नये म्हणून अर्धं स्वतःच्या अंगावर घेतलं. लहानपणी दुधाचा हंडा मी फोडला, तेव्हाही मध्ये उभी राहिली होती. आणि त्यापायी घर गेलं! एका "हो"मुळे! मला का वाचवलंस गं? मी काय मागितलं होतं का?

११ जून

लोणच्याची नवी बरणी तिच्या पायरीवर ठेवून आले. मीठ कमी घातलंय.

१२ जून

बरणी माझ्या पायरीवर. उघडलेली नाही.

२१ जुलै, मंगळवार

कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव झाला. सहा माणसं होती, त्यातली दोन सावलीला आलेली. कंपनीनेच घेतलं घर. पेल्कीच्या जागी एक तरुण आहे, उन्हाने नाक सोललेलं. म्हणाला ऑगस्टअखेरपर्यंत सामान काढा. आवाज सभ्य होता. मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

२ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये व्हर्ना शेवटच्या बाकावर. पन्नास वर्षं आम्ही तिसऱ्या बाकावर शेजारी बसलो. आज मी तिसऱ्या बाकावर एकटी. गाणं सुरू झालं तेव्हा तिचा आवाज मागून येत होता. मी पुस्तक उघडं धरून उभी राहिले.

१५ ऑगस्ट, शनिवार

व्हर्नाची रोझलिन ट्रक घेऊन आली आणि आईला घेऊन गेली. तिच्याकडे, सात तासांवर. मी कोपऱ्यावर उभी राहून बघितलं. शिलाई मशीन शेवटी चढवली, गोधडीत गुंडाळून. व्हर्नाने ट्रकच्या खिडकीची काच लावून घेतली होती, इतकी गरमी होती तरी.

हात हलवला मी. तिने बघितलं का, ठाऊक नाही.

रोझलिन आधी माझ्याकडे किल्ली ठेवून गेली होती. "मावशी, राहिलेलं तूच आवर. आईच्या कमरेला झेपणार नाही." मी विचारलं, "ती काही म्हणाली का गं माझ्याबद्दल?" रोझलिनने किल्ली माझ्या हातात ठेवली. "म्हणाली, किल्ली डेल्फाला दे. खण तीच नीट आवरेल."

२३ ऑगस्ट

बटाटे खणले. दोन पोती निघाले, काय मोठे मोठे! कधी नव्हे इतकं पीक. मी चिखलात गुडघ्यांवर बसून एकेक पुसत होते आणि मोठ्याने रडत होते. समोरची मिसेस ओटिस दारात आली, बघितलं, आत गेली. बरं केलं तिने.

एक पोतं रोझलिनच्या पत्त्यावर पाठवलं. या खेपेला मात्र लगेच टपालात टाकलं.

२९ ऑगस्ट

खोल्या रिकाम्या झाल्या. खिडक्या पुसल्या. कोणासाठी पुसल्या कोण जाणे. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा खण तेवढा राहिलाय, जाम झालाय. उद्या साबण लावून बघते.

३० ऑगस्ट, रविवार

खण निघाला. हातमोज्यांचे नऊ जोड, घड्या घालून. खाली एक्क्याऐंशीचा कर्जाचा कागद. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलंय — या राज्यात कंपनीच्या वतीने कोर्टाचे कागद स्वीकारणार: मिसेस डेल्फा रुकर. नावाखाली पेन्सिलीची रेघ. शेजारी व्हर्नाचं अक्षर —

"आमची डेल्फा आहे यांच्यात. म्हणजे फसवणार नाहीत. सही करते."